घरमालकाचे दुखणे आणि भाडेकरूचे भवितव्य

मराठी मध्यमवर्गाच्या मनात घरमालकाचे जे चित्र आहे, ते कनवाळू माणसाचे खचितच नाही. पहिल्या तारखेस दारात उभा राहणारा, पाणी तोडण्याची धमकी देणारा आणि भिंतीत खिळा ठोकला तरी कुरकुरणारा इसम म्हणजे घरमालक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तीत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु शहरातील निवाऱ्याचा प्रश्न मालकाच्या स्वभावाने घडलेला नाही. तो मुख्यतः कायद्याने आणि हिशेबाने घडलेला आहे. हा हिशेब तपासल्यास असे आढळते की, ज्या धोरणाने मालकाला जेरीस आणले त्याच धोरणाने पुढच्या पिढीतील भाडेकरूचेही घर हिरावून घेतले.

मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम आले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली. दुसऱ्या महायुद्धातील टंचाई आणि फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे या पार्श्वभूमीवर १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला. कर वगैरेपोटी होणारी मर्यादित वाढ वगळल्यास १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच सामान्यतः 'प्रमाण भाडे' ठरले. त्या काळी हा उपाय आवश्यकच होता. चूक उपायात नव्हती. आणीबाणीचा उपाय पन्नास वर्षे मुदतवाढ देत चालू ठेवण्यात होती.

एका चाळीचे उदाहरण घेऊ. तीत बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे वीस रुपये आहे, असे समजा. मालकाचे महिन्याचे उत्पन्न २४० रुपये झाले. सिमेंट, लोखंड आणि गवंड्याची मजुरी यांचे भाव मात्र कोणी गोठवून ठेवले नव्हते. जिन्याची एक तुळई बदलायची तर वर्षभराचे भाडे पुरणार नाही, अशा स्थितीत मालकाने दुरुस्ती करावी ही अपेक्षा नीतीला धरून असेल, पण व्यवहाराला धरून नव्हती. परिणामी गिरगाव-परळच्या चाळी आणि पुण्याच्या पेठांतील वाडे टेकूंवर उभे राहिले. अखेर शासनाने १९६९ साली कायदा करून मुंबईतील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि मालकाचे काम सरकारी मंडळाकडे आले. तरीही इमारती कोसळण्याचे थांबले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात अशीच एक जुनी इमारत पडून तीसहून अधिक माणसे दगावली. प्रत्येक दुर्घटनेस गोठलेले भाडेच कारणीभूत असते असे म्हणता येणार नाही. परंतु वर्षानुवर्षे दुरुस्तीला पैसा न मिळालेली इमारत सुरक्षित राहील, असे मानणेही शहाणपणाचे नव्हे.

कायद्याने बंद केलेली वाट पैशाने दुसरीकडून उघडली. पागडी आली. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून मोठी रक्कम घेई आणि प्रथेप्रमाणे तिचा सुमारे तिसरा हिस्सा मालकाला देई. म्हणजे भाडे स्वस्त राहिले, पण त्या स्वस्त भाड्याच्या दारात पाऊल टाकण्याची किंमत नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. अनेक कुटुंबांना त्यामुळे आधार लाभला हे खरे. परंतु 'घर दिले की गेले' ही मालकाची धास्तीही कायमची झाली. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरी भारतातील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले होते आणि २०११ च्या जनगणनेत शहरांतील एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती. एकीकडे कुलूपबंद सदनिका आणि दुसरीकडे खोलीच्या शोधात वणवण करणारा विद्यार्थी, हे दृश्य एकाच शहरात दिसते.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. ही वाढ चक्रवाढीने धरली तरी शंभर रुपयांचे पंचवीस वर्षांत सुमारे २६७ रुपये होतात. नव्या घरात गुंतवणूक करणाऱ्याची स्थितीही फारशी निराळी नाही. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने वार्षिक भाडे बँकेच्या मुदत ठेवीच्या व्याजाहूनही कमी पडते. म्हणून तो भाड्यासाठी नव्हे, तर भाववाढीसाठी घर घेतो. आणि तंटा झालाच तर? म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेल्या संपादनविषयक प्रकरणाविरुद्ध मुंबईतील मालक १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वच खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसामग्री ठरत नाही, हे उत्तर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून मिळण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडले.

तेव्हा नियंत्रणे एका झटक्यात उठवावीत काय? तसे करणे क्रूरपणाचे होईल. गिरगावातील निवृत्त कारकून केवळ जुन्या भाड्यामुळे शहरात टिकून आहे. त्याला बाजारभावाच्या तोंडी देणे म्हणजे त्याला हद्दपार करणेच होय. परंतु त्याच दराने राहणारा सुखवस्तू व्यापारी या सवलतीस कसा पात्र ठरतो? शिवाय गरीब भाडेकरूला आधार देणे हे साऱ्या समाजाचे कर्तव्य असेल, तर त्याचा सर्व भार एकट्या मालकाच्या शिरावर का? विद्यार्थ्याची फी माफ करताना शिक्षकाचा पगार कापला जात नाही.

म्हणून संरक्षण दराला नव्हे, माणसाला हवे. सधन भाडेकरूचे भाडे टप्प्याटप्प्याने वाढावे. अल्प उत्पन्नाच्या व वृद्ध भाडेकरूस पडणारा फरक सरकारी तिजोरीतून दिला जावा. वाढलेल्या भाड्याचा निश्चित भाग दुरुस्तीवर खर्च करण्याचे बंधन मालकावर असावे आणि त्याने ते मोडल्यास वाढ रोखली जावी. नव्या करारांसाठी केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात स्वतंत्र भाडे न्यायालये आणि निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची अनामत मर्यादा सुचवली आहे. मालकाला त्वरित न्यायाची आणि भाडेकरूला अवाजवी अनामतीपासून सुटकेची गरज आहे. एकाला नाकारून दुसरी मिळणार नाही.

यास पैसा लागेल आणि मतांची नाराजीही पत्करावी लागेल. परंतु आजवर वाचवलेला पैसा खरोखर वाचलेला नाही. तो भिंतींच्या भेगांत साठत गेला आहे, आणि त्या भिंती कोसळतात तेव्हा त्या भाडेकरूच्याच डोक्यावर कोसळतात.