बंड जुनं झालं की सगळ्यांनाच आवडतं

"पूर्वीचं रॅप म्हणजे रॅप होतं राव! आताची पोरं नुसती बडबड करतात."

हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. म्हणणारे बरेचसे माझ्याच वयाचे, चाळिशी ओलांडलेले. काही कॉलेजातली पोरंही आहेत. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर बंदुकीच्या नेमाच्या वर्तुळात उभा असलेला माणूस. खाली नाव, पब्लिक एनेमी. म्हणजे जनतेचा शत्रू.

हा ग्रुप मलाही आवडतो. माझं भांडण ग्रुपशी नाही, त्याच्या चाहत्यांशी आहे. सगळ्यांशी नाही, पण बऱ्याच जणांशी आहे. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवरची ही मंडळी. कार्लटन रायडनअवर ऊर्फ चक डी हा त्यांचा म्होरक्या. अडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकला, तिथल्याच कॉलेज रेडिओवर कार्यक्रम केले. आवाज असा की सभेत माइक बंद पडला तरी चालेल. जोडीला विल्यम ड्रेटन ऊर्फ फ्लेवर फ्लेव, गळ्यात भलंमोठं घड्याळ अडकवून स्टेजवर धिंगाणा घालणारा. आणि पडद्यामागे 'बॉम्ब स्क्वाड' नावाची निर्मात्यांची टोळी. जेम्स ब्राऊनच्या जुन्या रेकॉर्डमधले ढोल, भाषणांचे तुकडे, सायरन, कर्कश भोंगे हे सगळं एकावर एक रचून ते गाणं उभं करायचे. कानाला गोड लागावं हा हेतूच नव्हता. झोप उडावी हा होता. १९८७ साली पहिला अल्बम, १९८८ साली 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक', १९९० साली 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट'. तीन-चार वर्षांत त्यांनी रॅपचा चेहरामोहरा बदलून टाकला.

तो टी-शर्टवरचा माणूस कोण? टोपीमुळे अनेकांना तो पोलीस वाटतो. तो पोलीस नाही, काळा तरुण आहे. नेम त्याच्यावर धरलाय. हे चिन्ह चक डीनंच तयार केलं. आपल्याकडे हा टी-शर्ट घालून फिरणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे, एकदा विचारून बघा.

चक डीचा एक मुद्दा मी बातम्यांच्या धंद्यात असल्यामुळे मला जास्त भिडतो. रॅप म्हणजे काळ्या लोकांचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल आहे, असं तो सांगायचा. कारण उघड होतं. मोठ्या चॅनलांवर या वस्त्या दिसायच्या त्या प्रामुख्याने गुन्हा घडल्यावर. नळाला पाणी नाही, शाळेला छप्पर नाही, ॲम्ब्युलन्स येत नाही, ही बातमी कोण देणार? '911 इज अ जोक' हे त्यांचं गाणं नेमकं त्यावर आहे. ९११ हा अमेरिकेतला आणीबाणीचा फोन नंबर. तो काळ्या वस्तीतून लावला तर मदत वेळेवर येत नाही, एवढाच विषय. आपल्याकडे १०८ ला फोन लावून रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे समजायला इंग्रजी यायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं लॉस एंजेलिसकडच्या एन.डब्ल्यू.ए. या ग्रुपच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र लिहिलं. पोलिसांवरचं तुमचं गाणं आम्हाला मान्य नाही, असा त्याचा आशय. देशाची तपास यंत्रणा एका गाण्याला उत्तर देत होती! पब्लिक एनेमी आणि एन.डब्ल्यू.ए. वेगवेगळ्या जातकुळीचे, पण राग दोघांचा एकाच दिशेला होता आणि धास्तीही दोघांची घेतली गेली.

पुढे काय झालं? पब्लिक एनेमीचा १९९० चा अल्बम अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या यादीत घेतला. एन.डब्ल्यू.ए.चा अल्बमही नंतर त्याच यादीत गेला. ज्या सरकारच्या एका खात्यानं डोळे वटारले, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यानं शाल-श्रीफळ दिलं. २०१३ साली पब्लिक एनेमी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये. २०२० साली ग्रॅमीचा जीवनगौरव. २०२१ साली 'रोलिंग स्टोन' मासिकानं सर्वकालीन पाचशे गाण्यांची यादी केली, त्यात 'फाइट द पॉवर' दुसऱ्या क्रमांकावर.

चाहते म्हणतात, बघा, जिंकलो. मी म्हणतो, जरा थांबा.

'फाइट द पॉवर' हे गाणं स्पाइक लीच्या १९८९ च्या 'डू द राइट थिंग' सिनेमासाठी केलेलं. त्यात रेडिओ रहीम नावाचा तरुण मोठा टेपरेकॉर्डर घेऊन हेच गाणं वाजवत हिंडतो. शेवटी पोलीस त्याचा गळा आवळून जीव घेतात. हे हवेतून आलेलं नव्हतं. १९८३ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत भिंतीवर लिहिल्याबद्दल पकडलेला मायकेल स्टुअर्ट पोलीस कोठडीनंतर मेला होता. सिनेमा ज्या कुटुंबांना अर्पण केला आहे, त्यात त्याचंही कुटुंब आहे. नंतर २०१४ साली त्याच शहरात एरिक गार्नरचा पोलिसानं गळा आवळला. २०२० साली मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा आला. आणि त्या वर्षीच्या बीईटी पुरस्कारांच्या कार्यक्रमात पब्लिक एनेमीनं नव्या पिढीच्या रॅपर्सना बरोबर घेऊन तेच गाणं नव्यानं सादर केलं.

एकतीस वर्षांनी तेच गाणं पुन्हा म्हणावं लागलं. पुरस्कार गाण्याला मिळाला, न्याय माणसांना मिळाला नाही. मग जिंकलं कोण?

'क्लासिक' हा शब्द इथं घात करतो. एखाद्या गाण्याला क्लासिक म्हटलं की त्यातल्या रागाचा पत्ता पुसला जातो. बीट काय भारी, फ्लो काय भारी, सॅम्पलिंग काय भारी, यावर तासन्तास चर्चा. राग कुणावर होता, त्याचं पुढे काय झालं, यावर एक अक्षर नाही.

या लोकांच्या रागाला पत्ता होता. उदाहरण ॲरिझोनाचं घ्या. मार्टिन लूथर किंग यांच्या नावानं देशभर सुट्टी सुरू झाली १९८६ साली. ॲरिझोनात नवा गव्हर्नर इव्हन मीचम आला आणि १९८७ साली त्यानं आपल्या राज्यातली ती सुट्टी रद्द केली. १९९० साली तिथल्या मतदारांनीही सुट्टी नाकारली. १९९१ साली पब्लिक एनेमीनं त्या राज्याचं नाव घेऊन गाणं केलं. व्हिडिओत तर राज्याच्या पुढाऱ्यांना ठार मारल्याचं काल्पनिक दृश्य होतं. गदारोळ झाला. अहिंसा सांगणाऱ्या माणसासाठी हिंसेचं दृश्य कशाला, ही टीका माझ्या मते रास्त होती. पण वाद कशावर झाला? सुट्टीवर झाला. नॅशनल फुटबॉल लीगनं १९९३ चा सुपर बोल ॲरिझोनातून काढून कॅलिफोर्नियाला नेला आणि १९९२ साली मतदारांनी सुट्टी मंजूर केली. हे गाण्यामुळं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. बुडणाऱ्या पैशामुळं जास्त झालं. पण तेव्हा गप्प न बसणाऱ्यांत हे होते, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट. चाहत्यांना बंडखोर हवा असतो, पण धुतल्या तांदळासारखा. तसा तो नसतो. १९८९ सालीच या ग्रुपमधल्या प्रोफेसर ग्रिफनं एका वर्तमानपत्राला दिलेल्या मुलाखतीत ज्यूंबद्दल अत्यंत विखारी विधानं केली. चक डीला माफी मागावी लागली, ग्रिफला काढलं. ग्रुप राहतो की मोडतो, असा गोंधळ माजला. बरेच चाहते हा भाग गाळून टाकतात. विरोधक फक्त हाच भाग सांगतात. दोघंही लबाड. गोऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्ध बोलणारा माणूस दुसऱ्या समाजाबद्दल विष ओकू शकतो, आणि तेव्हा त्याला तोंडावर सांगायला हवं. पण त्या विषामुळं ॲम्ब्युलन्सवरचं गाणं खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र ठेवता आल्या पाहिजेत. नाही तर तुम्ही चाहते नाही, भक्त आहात.

आणि तिसरी गोष्ट आपली.

समुद्रापलीकडच्या, पस्तीस वर्षांपूर्वीच्या रागावर प्रेम करायला काही लागत नाही. त्यातला गव्हर्नर आपला नाही, पोलीस आपले नाहीत. पण हेच रॅप मराठीत झालं तेव्हा काय झालं? २०२३ च्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं राज्यातल्या सत्तांतरावर रॅप केलं. तक्रार झाली आणि अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडेवरही रॅपसाठीच गुन्हा. तेव्हा विरोधी पक्षाचे नेते अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर भरभरून बोलले. बोललेच पाहिजेत. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, हेच सत्तेत असताना केतकी चितळे एका फेसबुक पोस्टसाठी महिनाभराहून जास्त काळ तुरुंगात होती. ती पोस्ट मला आवडली नव्हती, आजही आवडत नाही. प्रश्न आवडीचा नाहीच. आपल्या नेत्यावर बोललं की गुन्हा आणि त्यांच्या नेत्यावर बोललं की स्वातंत्र्य, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच चालतो.

आता लोक म्हणतील, "अहो, पण भाषा बघा ना. शिव्या आहेत." बरोबर आहे, असतात. पब्लिक एनेमीच्या वेळीही सभ्य लोकांना भाषेचीच अडचण होती. शिवीवर टीका करा, गाणं भिकार असेल तर भिकार म्हणा. बदनामी झाली असेल तर कोर्टाचा रस्ता आहे. पण चार ओळींसाठी पोलीस दारात पाठवायचे, हा टीकेचा प्रकार नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? अण्णाभाऊ साठ्यांच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारनं बंदी घातली होती. २००२ साली त्याच अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं. आज जयंतीला सगळ्या पक्षांचे बॅनर लागतात आणि त्यावर अण्णाभाऊंपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. १९७२ साली इथल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून स्वतःच्या संघटनेला नाव दिलं, दलित पँथर. त्याच ब्लॅक पँथरचा वारसा पब्लिक एनेमीही सांगत होते. म्हणजे हा राग आपल्याला परका नाही. मुळं एकाच जमिनीत गेलेली आहेत. पँथरच्या त्या पोरांनाही तेव्हा लोक वाह्यातच म्हणत होते. आज त्यांच्या कविता अभ्यासक्रमात आहेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. टी-शर्ट जरूर घाला. गाणी जरूर ऐका, हेडफोन लावून ऐका, त्याशिवाय त्यातले थर कळत नाहीत. पण उद्या आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या पोरानं मोबाईलवर बीट लावून नगरपालिकेच्या टेंडरवर, वाळूच्या ट्रकवर, सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्यांवर रॅप केलं आणि त्यात तुमच्या लाडक्या भाऊंचं, दादांचं, साहेबांचं नाव आलं, तर काय कराल? "पोरगं वाया गेलंय" म्हणाल? त्याच्या बापाला फोन करून "व्हिडिओ डिलीट करायला सांगा, उगाच कशाला" म्हणाल? आपल्याकडे बहुतेक वेळा हेच होतं. एफआयआरची गरजसुद्धा पडत नाही. बापाचं दुकान असतं, काकाची बदली असते, बहिणीचं लग्न ठरायचं असतं. एक फोन पुरतो.

तो फोन करणाऱ्यांत पब्लिक एनेमीचे चाहतेही असतील, याची मला खात्री आहे.

तसं करायचं नसेल तर मार्ग साधा आहे. गाणं पूर्ण ऐका. त्यात खोटं काय आणि खरं काय ते चारचौघांत बोला. पोराला पोलीस स्टेशनला बोलावलं तर दोन-चार जणांनी बरोबर जा, नुसतं बाकड्यावर बसलात तरी पुष्कळ होतं. एखादा ओळखीचा वकील असेल तर त्याला फोन लावा. आणि गाणं तुमच्या पक्षाविरुद्ध असेल तर नक्की जा. आपल्या बाजूच्या माणसासाठी तर कुणीही जातं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली वाद घाला, मी उत्तर देईन. फक्त मुद्द्यावर बोला.