देणगीची जागा

हलका धान घरात आला आहे आणि भारी धान अजून बांधीत उभा आहे, अशा कार्तिकातील मधल्या दिवसांत आमच्या झाडीपट्टीत जी मंडई भरते, तिला परगावचे लोक बाजार समजतात; वस्तुतः भाऊबिजेच्या सुमारास सुरू होऊन गावोगावी आपापल्या ठरलेल्या दिवशी भरणारा तो आप्तेष्टांचा मेळावा असतो. लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी निघतात, गोवारी मंडळी ढालीसह नाचत येतात, दुपारी दंडार रंगते आणि रात्री वडशाच्या एखाद्या कंपनीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. अशा ह्या भरगच्च दिनक्रमात आमच्या केशोरीच्या चार तरुणांनी स्वतःच रचलेली झाडीबोलीतील गाणी गिटार, ढोलकी, कीबोर्ड आणि दंडारीतला टाहारा ह्यांच्या साथीने म्हणावयाचे जेव्हा ठरविले, तेव्हा त्यांचा अर्ज लिहून देण्याचे काम, तहसिलीच्या दप्तरात उमेदीची वर्षे घालविलेला म्हणून, माझ्याकडे आले.

अर्जात मी ‘बँड’ हा शब्द लिहिला, ही माझी पहिली चूक. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला मिळाला, ठाण्यातली परवानगीही मिळाली, परंतु पहिल्याच गावी मंडईच्या एका वयोवृद्ध कारभाऱ्याने मुलांना आपादमस्तक न्याहाळून विचारले, “बँड होय म्हन्ता, मंग बाजा कोटी आहे जी?” त्या बिचाऱ्याने वरातीपुढे चालणारे, झालरीचे अंगरखे घातलेले वादक अपेक्षिले होते, आणि समोर उभी होती साध्या सदऱ्यांतील चार पोरे. त्यांना दंडार संपल्यानंतरची आणि नाटकाच्या घंटेपूर्वीची वेळ देण्यात आली. म्हणजे ज्या घटकेला सारे गाव पाहुण्यांना जेवू घालण्यात गुंतलेले असते, ती.

मोठ्या उत्सवांतसुद्धा वेळेचे हे दैव कोणाला चुकलेले नाही. १९६९ च्या ऑगस्टात अमेरिकेत वुडस्टॉकचा जो प्रख्यात संगीतोत्सव झाला, त्यात जिमी हेंड्रिक्ससारखा गिटारवादक सोमवारी सकाळी रंगमंचावर आला, तोवर अफाट जनसमुदायापैकी बहुसंख्य लोक घरच्या वाटेला लागलेले होते. आमच्याकडे मात्र पहाटेचा प्रेक्षक सहसा उठत नाही. त्याच्या रसिकतेविषयी मला नितांत आदर आहे, तथापि सकाळची पहिली एसटी येईपर्यंत त्याला जावयास दुसरी जागाही नसते, हे नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

ह्या प्रेक्षकाचा एक दस्तूर आहे, आणि मुलांचे खरे शिक्षण तेथेच झाले. गाणे आवडले की मनुष्य जागचा उठतो, दहाची किंवा पन्नासाची नोट पुढे करतो, आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव, गाव, क्वचित त्याच्या जावयाचेही नाव पुकारले जाईपर्यंत गाण्याने थांबावयाचे असते. नाटक कंपन्यांचे ऑर्गनवाले आणि तबलजी ह्यात इतके मुरलेले असतात की नाव चालू असताना ते स्वर नुसता धरून ठेवतात आणि नाव संपताच गायकाला नेमका समेवर आणून सोडतात. ज्या रंगभूमीने परशुराम खुणे ह्यांच्यासारखा नट घडविला, आणि ज्या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती ह्या देवघेवीवरच पोसलेली आहे. २०१४ साली शंकरपटावर बंदी आली तेव्हा पटाला जोडून होणाऱ्या नाटकांचा केवढा आधार तुटला, आणि २०२१ च्या अखेरीस पटांना पुन्हा अनुमती मिळाली तेव्हा आमच्याकडे हायसे का वाटले, हे बैलांच्या शर्यतीत ज्यांना गोडी नाही त्यांना कळणे कठीण.

मुलांना प्रारंभी हा व्यत्यय अपमानकारक वाटला. रोवणीवरचे त्यांचे एक गाणे ऐन अंतऱ्यात तीनदा अडविले गेले, तेव्हा गाणारा मुलगा संतापून मंचावरून उतरलाच. कलेची स्वायत्तता वगैरे शब्द तो त्या रात्री बोलला. मी ते शांतपणे ऐकून घेतले, कारण तरुणपणी असे शब्द मीही वापरीत असे. पण ढोलकीवाला चतुर होता. पुढल्या मंडईपर्यंत त्याने त्या गाण्याच्या अंतऱ्यानंतर चार आवर्तनांची मोकळी जागा करविली; तीत केवळ टाहारा हलक्या हाताने वाजत राहावयाचा, नावे पुकारली जावयाची, आणि चौथ्या आवर्तनाच्या शेवटी गाणे स्वतःच्या पायांनी परत यावयाचे. त्या हंगामात त्यांना बिदागीपेक्षा इनाम अधिक मिळाले. शिवाय नाव ऐकलेला मनुष्य उरलेले गाणे आपले समजून ऐकतो, हे मी मांडवात बसून प्रत्यक्ष पाहिले.

पुढे एका शहरातील संगीत महोत्सवाचे त्यांना निमंत्रण आले. तेथे चाळीस मिनिटे काटेकोर मोजून दिलेली, आदल्या दिवशी ध्वनियंत्रणेची रीतसर तपासणी, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या, आणि श्रोते असे शिस्तीचे की गाणे संपल्याखेरीज टाळीही नाही. रोवणीचे गाणे सुरू झाले, अंतरा संपला, आणि ती चार आवर्तने आली. नोट घेऊन कोणी उठले नाही. नाव पुकारावयास कोणी नव्हते. सवयीने चौघेही थांबले. टाहारा वाजत राहिला, आणि त्या अंधाऱ्या सभागृहात लोक श्वास रोखून बसले.

कार्यक्रमानंतर आयोजकांपैकी एका विद्वान गृहस्थाने त्या स्तब्धतेची भरभरून प्रशंसा केली, ग्रामीण अवकाशाचे चिंतन तीत आपणास जाणवले असे सांगितले, आणि ही कल्पना सुचली कशी, असे पृच्छिले. गाणारा मुलगा काही उत्तर जुळवू पाहत होता, इतक्यात ढोलकीवाला म्हणाला, “तिथं देनगीवाल्याईचे नाव घेतात जी.”

परतीच्या प्रवासात, मला नंतर समजले, त्या दोघांत कडाक्याचे भांडण झाले. ह्या कार्तिकात त्यांच्या पाच मंडया ठरल्या आहेत. अर्ज मीच लिहिले; ‘बँड’ हा शब्द घातला नाही.