नळी हीच टाकी!

दोस्तांनो, बारामती-इंदापूरकडच्या मुलांना ‘आवर्तन’ म्हणजे काय ते सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटतं, ते आवर्तन. हा कालवा सव्वाशे वर्षांहून जुना. बारामतीतून तो पुढे इंदापूर तालुक्यात जातो. शेतकरी आधी सात नंबरचा पाणीअर्ज भरतात. का बरं? कारण वर सोडलेलं पाणी शेवटच्या चारीत पोचायला वेळ लागतो. मागणी किती, हे आधीच कळायला हवं. वरच्यांनी ठरल्यापेक्षा जास्त घेतलं, तर टेलच्या शेतकऱ्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळतो.

अगदी हाच पेच पाइपच्या गॅसचा! मुंबई-पुण्यात पुष्कळ घरांत सिलिंडर नसतो, नळीतून नैसर्गिक वायू येतो. सकाळी लाखो शेगड्या एकदम पेटतात. गॅस मात्र लांबून येतो. काही समुद्रातल्या विहिरींतून, काही परदेशातून जहाजाने. ऐनवेळी ‘जरा जास्त सोडा’ म्हटलं, तर तो पोचेपर्यंत तुमची शाळा भरेल!

मग करतात काय? कालव्याचं पाणी राखून ठेवायला तलाव लागतो, इंदापूर तालुक्यात शेटफळचा आहे तसा. पाणी काही दाबून बसत नाही. गॅस बसतो! सायकलमध्ये हवा भरताना पाहा. ट्यूब फुगून टायरला टेकली, तरी पंप मारला की आणखी हवा आत जातेच. तसंच रात्री मागणी कमी असताना मुख्य वाहिनीत गॅस दाबून भरतात. सकाळी ती शिल्लक कामी येते. म्हणजे नळी हीच टाकी, बरं का!

नियंत्रण कक्षातली माणसं दिवसरात्र दाबाच्या आकड्यावर नजर ठेवतात. आकडा घसरू लागला, की समजायचं, मागणी जास्त झाली. चढू लागला, की आवक जास्त झाली.

आणि दाब फारच पडला तर? शेगडीची ज्योत विझते. गॅस पुन्हा आला, की उघड्या राहिलेल्या शेगडीतून तो न जळताच घरभर पसरू शकतो. केवढा धोका! म्हणून टंचाईत घरांना पहिला मान. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईला गॅस आणणाऱ्या मुख्य वाहिनीला इजा झाली. सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या, बिचाऱ्या चालकांचा धंदा बुडाला. कारखान्यांना दुसरं इंधन वापरायला सांगितलं. घरच्या शेगड्यांना मात्र आधी गॅस दिला. दुष्काळात नाही का, आधी पिण्याचं पाणी आणि मग शेती!

आता एक काम करा. टेलला पाणी किती दिवसांनी पोचतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि हो, गॅस पाइपचा असो वा सिलिंडरचा, शेगडी आपोआप विझलेली दिसली, तर काडी ओढायची नाही. मोठ्यांना हाक मारा, आधी बटण बंद आणि खिडक्या उघड्या. आईबाबांनाही हे वाचून दाखवा!