वेदनेची नोंद कोण घेणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील २२ दिवसांच्या एका अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. मेळघाटात या प्रकाराला ‘डंबा’ म्हणतात. तो अघोरी आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो अवश्य वापरावा. परंतु मूल कळवळते आहे हे त्या घराने ओळखले होते, उपाय मात्र भयंकर निवडला. ज्यांना वेदना ओळखण्याचे शास्त्र शिकविले जाते ती यंत्रणा त्या घरापासून किती दूर होती, हा खरा प्रश्न आहे.

वेदनेची पारख हे परिचारिकेचे काम आहे. रुग्ण सांगतो तीच वेदना, असे मार्गो मॅककॅफरी या परिचारिकेने १९६८ मध्येच मांडले. बोलत्या रुग्णाला शून्य ते दहा यांतला आकडा विचारतात, लहान मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवितात. तान्ह्या बाळाच्या आक्रसलेल्या कपाळावरून, आवळलेल्या मुठींवरून, रडण्यावरून आणि श्वासावरून अंदाज बांधावा लागतो. कोरकू मातांच्या अडाणीपणाला हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, १९८० च्या दशकापर्यंत पुढारलेल्या देशांतही नवजात अर्भकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. त्यांना वेदना फारशी कळत नाही, हा तेव्हाचा विद्वानांचा समज होता!

मेळघाटात आणखी एक अडसर आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. मैदानी मुलखातून बदलून आलेल्या परिचारिकेने ‘दहापैकी किती दुखते?’ असे विचारले, तर उत्तर मौनच येणार. मग ‘हे लोक सोशिकच असतात’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे असते. या शेऱ्यात शास्त्र नाही, वर्गीय सोय आहे. अधिकाऱ्यापुढे गप्प राहणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तिचा अर्थ दुखत नाही असा होत नाही.

पारख झाली तरी औषध हवे. भारत वैध अफू पिकवितो. मेळघाटच्या उत्तरेस मध्य प्रदेशात नीमच येथे अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने कर्करोग्यांसाठीचे मॉर्फिन रुग्णालयांतून दिसेनासे झाले. २०१४ मध्ये कायदा सैल केला गेला, पण भीती गेली नाही. शिवाय स्वस्त गोळीत नफा नसतो, म्हणून तिच्यासाठी धावपळ करणारा कोणी व्यापारीही नसतो. केरळने २००८ मध्ये वेदनाशमनाचे धोरण आखले. तेथे परिचारिका पिशवी घेऊन रुग्णाच्या घरी जाते. तिथली परिचारिका काही वेगळ्या मातीची नाही. तिच्या मागे पंचायत उभी आहे.

औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा येऊन ‘आता कसे वाटते?’ हे विचारणे हा शुश्रूषेचाच भाग होय. कंत्राटी नेमणुकीवर साऱ्या वॉर्डाचा भार वाहणाऱ्या एकटीने तो वेळ कोठून आणावा? म्हणून रिक्त पदे भरण्याची, कोरकू मुलींना परिचर्या प्रशिक्षणात हक्काच्या जागा देण्याची आणि त्यांच्या भाषेतील वेदनातक्ता करण्याची मागणी एकत्रच केली पाहिजे. चिखलदरा, धारणी, अचलपूर येथील कार्यकर्त्यांनी तोवर एक काम करावे. आपल्या माणसाच्या केसपेपरवर ताप आणि नाडीशेजारी वेदनेची नोंद आहे का, ते पाहावे आणि नसेल तर ती मागावी.