बर्फात जाणाऱ्या लेकाचा कागद

गेल्या जानेवारीत आमच्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. लेक अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला नोकरीला. "ताई, रविवारी तो मित्रांबरोबर डोंगरात स्कीइंगला निघालाय. नेहमीच्या मैदानावर नाही हो, मोकळ्या बर्फात! नको म्हणू का?"

तिशीतल्या मुलाला इतक्या लांबून नको म्हणून ऐकणार थोडाच! मी म्हटलं, नको म्हणू नकोस, विचार.

मैत्रिणींनो, तिकडे भीती थंडीइतकीच हिमस्खलनाची. उतारावरचा बर्फाचा अख्खा थर सुटतो आणि माणसाला गाडून टाकतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत ३७ जण असे गेले, त्यातले १२ कोलोरॅडोत. बहुतेक वेळा थर सुटतो तो त्या माणसाच्या किंवा सोबत्याच्याच वजनानं. म्हणून पहिला प्रश्न, आजचा इशारा वाचलास का? तिथलं सरकारी केंद्र हिवाळ्यात तो रोज देतं.

दुसरा प्रश्न सामानाचा. प्रत्येकाजवळ गाडलेल्याचा ठाव सांगणारं संदेशयंत्र, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं हवं. एकाकडे आहे म्हणून भागत नाही. स्वित्झर्लंडमधल्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी शंभरात नव्वद वाचतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तीस. मदतपथक डोंगरात पोचायला तास लागतात. म्हणजे उकरणार कोण? बरोबरचे मित्रच. त्यांना ते यंत्र वापरता येतं का, हेही विचारावं. नवं कोरं यंत्र डब्यातच असायचं!

तिसरी गोष्ट मात्र आपल्या हातातली. कुठल्या वाटेनं जाणार, बरोबर कोण, गाडीचा नंबर काय, कुठे उभी करणार, किती वाजता परतणार, हे सगळं लिहून घ्यायचं. आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागवायची, ती वेळही त्याच्याकडूनच ठरवून घ्यायची. हिवाळ्यात डेन्व्हरला संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. तिकडचा ९११ नंबर इथून लागत नाही, म्हणून त्या भागातल्या शेरीफच्या कचेरीचा पूर्ण नंबर घ्या. (मुंबईतलं ते मानाचं पद नव्हे, तिकडे शोधाची जबाबदारी शेरीफवर असते.) खर्चाच्या धास्तीनं थांबू नका. कोलोरॅडोतली पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची आहेत, शोधाचे पैसे घेत नाहीत. ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळं.

जाऊबाईंनी कागद फ्रिजवर चिकटवला. सोमवारी सकाळी सव्वासहाला त्या फोन हातात घेऊन ओट्याशी उभ्या. दूध उतू गेलं. सहा पंचवीसला निरोप आला, "आई, इशारा वाढला होता, अर्ध्यातूनच फिरलो. कळवायचं राहिलं." मग कळवायचं राहिलं म्हणून त्याला जे ऐकावं लागलं, ते काही इथं लिहीत नाही.