रिपीट करायलाय!

ऑफिसात 'रिपीट' हा तसा किरकोळ शब्द. कॉन्फरन्स कॉलवर आवाज तुटला की "सॉरी, कॅन यू रिपीट?" शुक्रवारी रात्री वेटरकडे बघून नुसतं बोट गोल फिरवलं तरी त्याला कळतं, की या टेबलाला रिपीट. तीच पैठणी दुसऱ्या लग्नात नेसलात तर मैत्रीण डोळे मोठे करते, "रिपीट केलीस?" म्हणजे एकच क्रियापद, कधी विनंती, कधी ऑर्डर, कधी सरळ गुन्हा. अमेरिकी लष्करात तर वायरलेसवर ऐकू आलं नाही तर 'रिपीट' म्हणायचं नाही, 'से अगेन' म्हणायचं. कारण तोफखान्याच्या भाषेत रिपीट म्हणजे त्याच जागेवर पुन्हा गोळे टाका! (आणि आपण 'परत रिपीट कर' म्हणतो. 'रि' म्हणजेच परत, बॉस. पण असो.)

मात्र या शब्दाचा खरा फंडा कळायला नांदेड-लातूरच गाठावं लागतं. तिथे जून-जुलैत कुणालाही विचारा, "पोरगा काय करतो?" उत्तर येतं, "रिपीट करायलाय." चेहरा पडत नाही, आवाज खाली जात नाही. इंग्रजीत वर्ष रिपीट करणं म्हणजे नापास होऊन त्याच वर्गात बसणं. इथला पोरगा बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेला असतो. त्याला एमबीबीएस हवं असतं, म्हणून तो 'नीट' पुन्हा देणार असतो. कोट्यात याच पोराला 'ड्रॉपर' म्हणतात. वर्ष तेच, पुस्तकं तीच. पण तिकडे त्यानं काय सोडलं ते मोजतात, आपल्याकडे तो काय पुन्हा करतोय ते. मला आपला शब्द जास्त आवडतो. नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगरात आणि लातूरच्या ट्यूशन एरियात 'रिपीटर बॅच'चे बोर्ड बघा, काय रुबाब असतो! शेवटी 'लातूर पॅटर्न' म्हणजे तरी काय, टेस्टवर टेस्ट आणि पुन्हा टेस्ट.

माझी तक्रार व्याकरणाची आहे. 'तो रिपीट करतो' या वाक्यात कर्ता एकवचनी दिसतो. प्रत्यक्षात आई भाड्याच्या खोलीत राहायला आलेली असते, बाबा गावी एकटे डबा लावून जेवत असतात, धाकटीची शाळा बदललेली असते. रिपीट अख्खं घर करतं.

दुसरी तक्रार अशी, की या क्रियापदाला पूर्णविरामच नाही. आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. नीटला मात्र कितीही वेळा बसा, आणि २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादाही निघाली. २०२४ साली २३ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या साधारण लाखभर. उरलेल्यांनी काय करायचं? रिपीट.

शब्दाचं मूळ शोधलं तर लॅटिन 'पेतेरे' निघतं : एखाद्या गोष्टीच्या मागे जाणं, ती मागणं. त्याच मुळातून 'कॉम्पीट' आला आणि 'पिटिशन'सुद्धा. २०२४ च्या उन्हाळ्यात हे तिन्ही शब्द एकत्र नांदले. पेपरफुटीचा बोभाटा झाला, लातूरमध्येही गुन्हा दाखल झाला, सुप्रीम कोर्टात पिटिशनवर पिटिशन गेल्या. ग्रेस मार्क मिळालेल्या १,५६३ मुलांना पुन्हा परीक्षेचा पर्याय मिळाला. बाकी सगळ्यांची फेरपरीक्षा घ्यायला कोर्टानं २३ जुलैला नकार दिला.

म्हणजे मुळात रिपीट करणं हे 'तेच ते करणं' नव्हे, 'पुन्हा मागणं' आहे. आणि मागायला आधी ते हवं असावं लागतं, नाही का?

माझ्या बहिणीचा मुलगा नांदेडला आहे. परवा त्याचा फोन आला, "मावशी, सेकंड रिपीट करायलोय." मी म्हटलं, "या वेळी नवीन काय?" तर म्हणाला, "फिजिक्सचे सर." मग जरा थांबून, "बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचा फॉर्म भरून ठेवलाय. आईला सांगू नको."

मी लगेच ताईला फोन लावला. फॉर्मचं काही बोलले नाही, फक्त म्हटलं, "त्याला विचारलंस का, करायचंय का म्हणून?"

"त्यात काय विचारायचं? सगळेच करायलेत."

मराठीत यासाठी एक फर्स्टक्लास शब्द आहे, 'री ओढणं'. कीर्तनात टाळकरी ओढतात तशी. गिरवणं वेगळं, उजळणी वेगळी. गिरवताना अक्षर सुधारतं, उजळणीत विसरलेलं उजळतं. 'री' मात्र दुसऱ्याच्या सुरात ओढायची असते. इंग्रजीत या तिन्हींना रिपीटच म्हणून चालतं. ताईला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "तुझं मराठी राहू दे, सोमवारपर्यंत फी भरायची आहे."

रविवारी ती त्याला विचारणार आहे. तसं कबूल तरी केलंय.