सायप्रसच्या उत्तरेत समुद्रकिनारी घरं इतकी स्वस्त का?

सायप्रसमध्ये घर शोधणारे लोक आधी समुद्र, विमानतळ आणि बजेट बघतात. पण भूमध्य समुद्रातल्या या बेटावर पहिला प्रश्न वेगळाच आहे: घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे? संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालची ‘ग्रीन लाइन’ राजधानी निकोसियाच्या मधून जाते आणि बेटाचे दोन भाग करते. दक्षिणेतल्या लिमासोलमध्ये भाव चढे आहेत. उत्तरेत किरेनिया किंवा इस्केलेमध्ये मात्र समुद्र दिसणारा फ्लॅट बऱ्याच कमी पैशांत मिळतो. स्वस्ताईचं मोठं कारण जमिनीखाली दडलेलं आहे.

जुलै १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं सायप्रसमध्ये उठाव झाला. पाच दिवसांत तुर्कीनं सैन्य उतरवलं आणि पुढच्या काही आठवड्यांत बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ताब्यात घेतला. उत्तरेतले दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रिओट घरंदारं, बागा सोडून दक्षिणेत गेले. दक्षिणेतले तुर्की सायप्रिओट उत्तरेत आले. १९८३ मध्ये उत्तरेनं स्वतःला स्वतंत्र देश जाहीर केलं, पण मान्यता दिली ती एकट्या तुर्कीनं. भारताच्या लेखीही सायप्रस हा एकच देश आहे.

मग त्या जमिनी कुणाच्या?

माणसं गेली, मालकी गेली नाही. किरेनियातल्या जमिनीची कायदेशीर मालकीण अजूनही मूळ विस्थापित महिलाच आहे, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १९९६ मध्ये स्पष्ट केलं.

त्यामुळे उत्तरेत सगळे कागद सारखे नाहीत. १९७४ पूर्वीपासून तुर्की किंवा परदेशी माणसाच्या नावावर असलेली जमीन त्यातल्या त्यात सुरक्षित, म्हणून महाग. दक्षिणेत सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात दिलेली जमीन हा दुसरा प्रकार, आणि सरकारनं सरळ वाटून दिलेली हा तिसरा. शेवटच्या दोन्ही प्रकारांत मूळ मालक बहुतेकदा कुणीतरी ग्रीक सायप्रिओट असतो. सातबारा कोरा दिसावा, पण खरा वारस शेजारच्या गावात राहत असावा, तसं हे आहे.

एका ब्रिटिश जोडप्यानं लापिथोस गावात अशाच जमिनीवर व्हिला बांधला. मूळ मालकानं दक्षिणेतल्या कोर्टात दावा लावला. व्हिला पाडा, जमीन परत करा आणि भरपाई द्या, असा निकाल लागला. उत्तरेत तो राबवता येईना. पण २००९ मध्ये युरोपीय न्यायालयानं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या अपील न्यायालयानं सांगितलं की, या निकालाची वसुली ब्रिटनमध्ये होऊ शकते. म्हणजे जोडप्याचं तिथलं घरही धोक्यात आलं. २००६ पासून दक्षिणेतल्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीच्या अशा व्यवहारांसाठी ७ वर्षांपर्यंत कैदही आहे. २०२४ मध्ये उत्तरेत प्रकल्प उभारणाऱ्या एका इस्रायली बिल्डरला याच कारणावरून दक्षिणेत अटक झाली.

एजंट दुसरी बाजू सांगतात आणि ती खोटी नाही. मूळ मालकांना भरपाई देणारा आयोग उत्तरेत आहे आणि २०१० मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं तो मार्ग ग्राह्य धरला. पण आयोग आहे म्हणून प्रत्येक दावा मिटला, असं होत नाही. खरेदीदारानं विचारायचं ते एवढंच: याच तुकड्यावरचा दावा मिटला आहे का?

दक्षिणेत बिनघोर?

तसंही नाही. तिथला जुना रोग म्हणजे बिल्डरनं जमीन बँकेकडे गहाण ठेवायची आणि त्यावरचे फ्लॅट विकायचे. पूर्ण पैसे भरूनही अनेकांना वर्षानुवर्षं मालकीपत्र मिळालं नाही. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. म्हणून मालकीपत्र तयार असलेलं जुनं घर अनेकदा चकचकीत नव्या इमारतीपेक्षा बरं. नवं घर घ्यायचंच असेल तर खरेदीचा करार भूमी नोंदणी कार्यालयात वेळेत जमा करणं आणि बोजा तपासणं, ही कामं बिल्डरनं सुचवलेल्या वकिलाकडे देऊ नयेत.

गुंतवणुकीवर पासपोर्ट देणारी योजना गैरप्रकार उघड झाल्यावर २०२० मध्ये बंद झाली. कायमच्या वास्तव्याचा परवाना मात्र मिळतो. त्यासाठी किमान ३ लाख युरोचं नवं घर घ्यावं लागतं, शिवाय व्हॅट आणि परदेशातून उत्पन्नाची अट. भारतातून एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, त्यामुळे नवरा-बायकोला दोघांची मर्यादा एकत्र करावी लागते किंवा पैसे दोन आर्थिक वर्षांत विभागावे लागतात.

बेट एकत्र करण्याच्या वाटाघाटी २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिसकटल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तर जमिनींचा वाद टेबलावर असेलच. तेव्हा इस्केलेमधल्या फ्लॅटचं काय होईल, हे त्याखालची जमीन १९७४ मध्ये कुणाच्या नावावर होती, यावर बरंचसं अवलंबून राहील.